जाहिरात निघाली का?

महाराष्ट्राला बेलापुरे दोन ठाऊक आहेत. एक आमचे, नगर जिल्ह्यातले (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेला वळण लागायला वेळ लागतो), प्रवरेच्या काठचे जुने बाजाराचे गाव. दुसरे नवी मुंबईतले, उंच इमारतींचे आणि सरकारी कचेऱ्यांचे. नावाच्या बाबतीत आमच्या गावाचे नशीब पहिल्यापासूनच थोडे तिरपे. दौंड-मनमाड लोहमार्गावर 'बेलापूर' स्टेशन झाले, पण ते गावात नव्हे, काही मैलांवर. त्या स्टेशनाभोवती पेठ वसली, वाढली आणि तिचे श्रीरामपूर झाले. साखर कारखाना निघाला तो 'बेलापूर कंपनी'चा, पण उभा राहिला हरेगावात. आणि अलीकडे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे कार्यालय बेलापूरला गेले. अर्थात त्या दुसऱ्या. आमच्या गावची पोरे ज्या आयोगाकडे डोळे लावून बसली आहेत त्याच्या पत्त्यावर आमच्याच गावाचे नाव आहे आणि दोहोंच्या मध्ये अख्खा सह्याद्री आहे.

प्रवरेकाठच्या गावांत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे, 'पाटाला पाणी कधी सुटणार?' भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, कालवे आले, ऊस आला आणि माणसे आपली वर्षे आवर्तनांत मोजू लागली. पाणी सोडणारा अधिकारी दूर कुठेतरी, वेळापत्रक त्याच्यापाशी; आपण बांधावर फावडे घेऊन उभे. आज बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर, केस कापायच्या दुकानात विशी-पंचविशीतली मुले त्याच सुरात दुसरा प्रश्न विचारतात, 'जाहिरात निघाली का?' तलाठ्याची, पोलिसाची, कारकुनाची, आरोग्य सेवकाची. हातात फावड्याऐवजी मोबाईल असतो, एवढेच.

मी याच गावचा. श्रीरामपूरच्या बोरावके महाविद्यालयातून १९८१ साली बी.ए. झालो आणि दुसऱ्याच महिन्यात नगरला जाऊन सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून आलो. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे ते कार्ड वडिलांनी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, जमिनीच्या उताऱ्यांबरोबर ठेवले होते. रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्यात असा १९५९ चा कायदा होता. कार्यालय यादीतली नावे पाठवी आणि मग घरी 'कॉल' येई. आमच्या आळीत असा कॉल आलेला मी एकदाच पाहिला. तो ज्याला आला त्याचे तोवर लग्न होऊन दोन मुले झाली होती. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसती या कार्यालयाकडून नावे मागवून भागायचे नाही, वर्तमानपत्रातही जाहिरात द्या आणि येईल त्याचा विचार करा. 'जाहिरात' या शब्दाला आज घराघरांत जे वजन आले आहे, त्यामागे हाही एक निवाडा आहे.

मला नोकरी लागली ती मात्र कॉलने नव्हे. त्या वेळी राष्ट्रीयीकृत बँकांचे कारकून आणि अधिकारी निवडायला बँकिंग सेवा भरती मंडळे असत. १९८२ च्या अखेरीस जाहिरात वाचली, पोस्टल ऑर्डर जोडून अर्ज धाडला, पुण्याला जाऊन पेपर दिला. गणित, इंग्रजी, तर्क आणि ती एक 'कारकुनी क्षमते'ची चाचणी, जिच्यात दोन रकान्यांतले आकडे तंतोतंत जुळतात का ते घड्याळाकडे पाहत ताडायचे. (छत्तीस वर्षांच्या नोकरीत सर्वांत जास्त उपयोगी पडली ती हीच.) मुलाखत झाली, आणि नेमणुकीचे पत्र आले ते १९८४ च्या उन्हाळ्यात. आमच्या वेळी सगळे कसे झटपट होई, असे म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांशी म्हणूनच माझे जमत नाही. जाहिरात ते नेमणूक, मला वीस महिने लागले. त्या वीस महिन्यांत मी एका अडत दुकानात खतावणी लिहीत होतो, कारण मुलाला घरी बसवून पोसणे वडिलांच्या ऐपतीत नव्हते. आजच्या आईबापांची ऐपत थोडी वाढली आहे, आणि मला वाटते, सगळा गुंता तिथून सुरू होतो.

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, हे आम्ही शाळेत घोकले. आमच्या भागात ते काही काळ खरेही होते. पाटपाण्याची जमीन, लोणीला १९५० च्या सुमारास उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, त्याच्या पाठोपाठ इतर. ज्याला शेतीत रस नाही त्याला कारखान्यात चिकटवून देत. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर खासगी कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या आणि १९६३ मध्ये शेती महामंडळ निघाले, तेव्हा हरेगाव-टिळकनगरच्या मळ्यांवर राबणाऱ्या माणसालाही आपण सरकारचे झालो असे वाटू लागले. आता त्या म्हणीचा क्रम पुरता फिरला आहे. बारा एकर चार भावांत गेले, तीन एकर पुढच्या तिघांत. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात पहिला प्रश्न 'शेती किती' असा येतो, हे खरे. पण ती असावी आणि मुलगा तीत नसावा, अशी अपेक्षा असते. दहा एकर बागायतीच्या मुलाला नकार आणि पोलीस शिपायाला होकार, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या होकारामागे पेन्शनचे स्वप्न असते. त्याबद्दल मुलीकडच्या मंडळींना सांगायला कुणी धजत नाही म्हणून मी सांगतो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर सरकारी सेवेत आलेल्यांना जुनी, शेवटच्या पगाराच्या निम्म्याची हुकमी पेन्शन उरली नाही. पगारातून वर्गणी कापली जाते. तिच्यासाठी १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर राज्यातले कर्मचारी संपावर गेले होते. नंतर सरकारने मधले मार्ग काढले आहेत, ते ज्याने त्याने समजून घ्यावेत. पण आजोबांची पेन्शन नातवाला लागेल या समजुतीवर सोयरीक जुळवू नये.

आता आकड्यांकडे येतो. बँकेतला माणूस, आल्याशिवाय राहवत नाही. २०२३ साली राज्यात तलाठ्यांची भरती झाली. जागा साडेचार हजारांच्या वर, अर्ज दहा लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक. खुल्या वर्गाला परीक्षा शुल्क एक हजार रुपये, मागासवर्गीयांना नऊशे. त्याच वर्षी जिल्हा परिषदांची भरती निघाली, जागा एकोणीस हजारांवर. तिथे प्रत्येक पदाचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळे. आमच्या गावातल्या एका मुलाने त्या वर्षातल्या शुल्काच्या पावत्या मला दाखवल्या, बेरीज अकरा हजार झाली होती. त्याचे वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक आहेत. याच्या शेजारी रेल्वेची रीत ठेवून पाहा. रेल्वे भरती मंडळ सर्वसाधारण उमेदवाराकडून पाचशे रुपये घेते आणि तो पहिल्या परीक्षेला प्रत्यक्ष बसला की त्यातले चारशे परत करते. हौशे-गवशे गाळायचे असतील तर हा मार्ग आहे. परत न मिळणाऱ्या हजार रुपयांनी गाळला जातो तो फक्त गरीब.

पैसा एक वेळ पुन्हा मिळवता येतो. वेळेचा हिशेब जास्त कठीण आहे. लोकसेवा आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये गट-ब आणि गट-क सेवांची मोठी जाहिरात काढली, ८,१६९ जागांची, त्यातल्या सात हजारांवर लिपिक-टंकलेखकाच्या. गावात त्या दिवशी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पूर्वपरीक्षा ३० एप्रिल २०२३ ला झाली. लिपिकांची टंकलेखनाची चाचणी आली ती जुलै २०२४ मध्ये. चौदा-पंधरा महिने मुलगा टंकलेखन विसरू नये म्हणून संस्थेत फी भरतो, आणि 'कधी लागतोय?' हे विचारणाऱ्या पाहुण्यांना चुकवतो. २०२१ साल तर आठवायला नको. मार्चमध्ये आयोगाची परीक्षा तोंडावर पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी परीक्षा उत्तीर्ण होऊनही मुलाखतच होत नाही म्हणून एका तरुणाने जीवन संपवले. सप्टेंबरात आरोग्य विभागाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली, डिसेंबरात म्हाडाची. मुले रात्रीच्या एसटीत बसून परगावच्या केंद्राकडे निघालेली होती.

ही जी सगळी अनिश्चितता आहे, तिच्यात एक पीक फार जोमाने येते. ते म्हणजे 'साहेबांचा माणूस'.

मी जिल्ह्यातल्याच एका शाखेत व्यवस्थापक होतो तेव्हाची गोष्ट. मार्च महिन्याची गर्दी. ओळखीचे एक शेतकरी आले, टोपी काढून समोर बसले आणि म्हणाले, "साहेब, पावत्या मोडायच्यात." मुदत ठेवीच्या तीन पावत्या होत्या, एकीला पिकायला चारच महिने राहिलेले. मी विचारले, "घरी काही दुखणंखुपणं?" म्हणाले, "नाही, चांगलंच काम हाय." मग इकडेतिकडे पाहून हळूच सांगितले. मुलगा शिपाईपदाच्या परीक्षेला बसला होता. एक जण भेटला होता, त्याची थेट वर ओळख. अर्धे आधी, अर्धे ऑर्डर हातात पडल्यावर. आणि काम नाही झाले तर पैसे परत. माणूस फार सचोटीचा.

मी त्यांना उपदेश केला नाही. उपदेशाने कुणी पावती मोडायचे थांबत नाही, हे तोवर मला कळले होते. म्हटले, "अण्णा, पैसे तुमचे आहेत, मी आत्ता देतो. फक्त रोख कशाला नेता? त्याचं नाव सांगा, त्याच्या नावचा चेक काढून देतो. सचोटीचा आहे, तर चेकनं घेईल." ते माझ्याकडे बघतच राहिले. "आवो, आसल्या कामाला चेक कुठं आसतो का?" "विचारून तर बघा." ते गेले. त्या दिवशी परत आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. पावत्या मुदतीपर्यंत राहिल्या.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. अण्णांचा मुलगा त्या परीक्षेत नापास झाला, आणि त्यांच्याच भावकीतला एक मुलगा लागला. त्याच्या बापाने त्याच माणसाला पैसे दिले होते. अण्णा दोन वर्षे माझ्याशी बोलले नाहीत. शाखेत आले तर दुसऱ्या टेबलाकडे जात.

या 'सचोटीच्या' धंद्याचे गणित मी नंतर बसून मांडले, आणि ते वाचकांपैकी कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून देतो. दलालाने वीस मुलांकडून प्रत्येकी दोन लाख घ्यायचे. करायचे काहीच नाही, फक्त वाट पाहायची. वीस मुले अभ्यास करतात, त्यांतली एक-दोन आपल्या गुणांवर लागतातच. त्यांचे पैसे ठेवून घ्यायचे. उरलेल्या अठरांचे 'यंदा वरून जमलं नाही' म्हणून इमानाने परत करायचे. ज्यांचे परत मिळाले ते गावभर त्याची सचोटी सांगतात, ज्यांचे घेतले ते आपले काम त्यानेच केले असे मानतात. पुढच्या वर्षी चाळीस येतात. भांडवल शून्य, जोखीम शून्य; इतका बिनधोक व्यवसाय मी बँकेच्या उभ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. आणि यातले सर्वांत मोठे नुकसान पैशाचे नसते. जो मुलगा आपल्या अभ्यासाने लागला, त्याला जन्मभर वाटत राहते की आपण विकत घेऊन लागलो.

पेपर फोडणाऱ्या टोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या खरोखर काम करतात, म्हणून जास्त घातक. २०२४ च्या जूनमध्ये केंद्राचा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा लागू झाला. संघटित गुन्ह्याला पाच ते दहा वर्षे शिक्षा आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे. आपल्या विधिमंडळानेही त्याच वर्षी तसा कायदा केला. कायदा कागदावर कडक आहे. आरोग्य भरतीचे पेपर फुटले तेव्हा तो नव्हता.

आता मुलींविषयी. हा भाग लिहायचा म्हणूनच खरे तर मी लेखणी उचलली.

आमच्या घरामागे एक कुटुंब राहते. त्यांची मोठी मुलगी बी.एस्सी. झाली. पहाटे पाचला ती कालव्याच्या रस्त्याने धावते, कारण पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर धावायचे असते, गोळा फेकायचा असतो. धावताना आईची चुलती सोबतीला सायकलवर. आठच्या एसटीने श्रीरामपूरच्या अभ्यासिकेत, संध्याकाळच्या गाडीने परत. वडिलांनी तिला दोन वर्षे दिली. हे शब्द त्यांचेच : 'दोन वर्षं दिली.' दोन वर्षांत झाले तर झाले, नाही तर स्थळ बघायचे. त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही. धाकटी पाठोपाठ आहे, गाव बोलते आहे, आणि बापाला रात्री झोप लागत नाही. पण घडले असे, की तिला ज्या पदाची ओढ होती त्याची जाहिरात त्या दोन वर्षांत निघालीच नाही. ती नापास झाली नाही. तिची परीक्षाच झाली नाही. तिची दोन वर्षे मात्र मोजली गेली.

जाहिरात सहा महिने लांबली की मुलाचे वय सहा महिन्यांनी वाढते. त्याला वयाच्या मर्यादेत बरीच जागा आहे. २०१६ मध्ये राज्याने खुल्या वर्गाची मर्यादा ३३ वरून ३८ केली, मागासवर्गीयांना ४३. मुलीच्या बाबतीत सरकारच्या मर्यादेला कुणी विचारत नाही. तिची मर्यादा घरात ठरते, आणि ती पंचवीस-सव्विसाच्या पुढे जात नाही. शासनाने महिलांना तीस टक्के जागा राखून ठेवल्या, ते मोठेच काम झाले. पण त्या जागांची जाहिरात वेळेवर न काढणे म्हणजे ताट वाढून दाराला कडी घालण्यासारखे आहे. कचेरीत बसून आकृतिबंधाची फाईल महिनाभर बाजूला ठेवणाऱ्याला हे दिसत नाही, की त्या महिन्यात बेलापुरात एका मुलीचा साखरपुडा झाला.

केंद्रीय लोकसेवा आयोगाला जमते. वर्षभराचे वेळापत्रक आधी येते आणि बहुधा त्या तारखांना परीक्षा होतात. आपल्या आयोगाचेही अंदाजित वेळापत्रक प्रसिद्ध होते. त्यातला 'अंदाजित' हा शब्द मुले आधी वाचायला शिकली आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये तर आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बँकांची लिपिक परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला आली. पुण्यात आंदोलन झाले, मग आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. दोन दिनदर्शिका शेजारी ठेवून पाहायचे काम होते. कारकुनी क्षमतेची चाचणी.

त्या मुलीच्या वडिलांनी एके दिवशी मला विचारले, "साहेब, तुम्ही बँकेतले. तिला काय सांगू?" तेव्हापासून आठवड्यातून एकदा आम्ही तिघे बसतो. त्यातून जे निघाले ते असे.

एक तर आमची मुले राज्याच्या जाहिरातींखेरीज दुसरीकडे फारसे पाहतच नाहीत. 'रोजगार समाचार' हे केंद्राचे साप्ताहिक १९७६ पासून निघते आहे. आमच्या पिढीत त्याचा एक अंक पाच घरे फिरे. आज ते मोबाईलवर आहे आणि गावात कुणी उघडत नाही. कर्मचारी निवड आयोगाची बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांची परीक्षा २०२३ पासून मराठीतूनही देता येते, रेल्वेच्याही देता येतात, बँकेतल्या लिपिकाचीही. बँकेत तर स्थानिक भाषा येणे ही अटच आहे; म्हणजे मराठी ही इथे अडचण नसून भांडवल आहे. आणि बँकांची परीक्षा २०११ पासून एकच सामाईक झाली, ती दरवर्षी येते. टपाल खात्यातले ग्रामीण डाकसेवक तर परीक्षेशिवाय, दहावीच्या गुणांवर घेतात. पगार थोडा, काम अर्ध्या दिवसाचे, पण उरलेल्या दिवसात अभ्यास होतो. मुलीने हे ऐकून विचारले, "पण काका, मला तलाठीच व्हायचंय." म्हटले, हो की. तलाठी होईपर्यंत काय व्हायचे, ते आपण बोलतोय.

दुसरे कागदांचे. तिने पिशवीतून सगळे दाखले काढून मांडले तेव्हा मला माझी शाखा आठवली. वडिलांचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे; इंग्रजी स्पेलिंगमध्ये एके ठिकाणी 'एक्स', दुसरीकडे 'के-एस-एच'. नॉन-क्रीमिलेअरचा दाखला मुदत संपलेला. जात वैधता प्रमाणपत्र कॉलेजात काढले होते, त्याची मूळ प्रत मामाकडे. परीक्षा पास होऊन कागदपत्रांच्या तपासणीत बाद झालेली मुले या पंचक्रोशीत आहेत, आणि हे बाद होणे नापास होण्याहून वाईट. जाहिरातीत जी अंतिम तारीख असते त्या तारखेला दाखला वैध हवा, हे वाक्य मुले वाचतात पण आईबापांना सांगत नाहीत, आणि सेतू केंद्रात रांगेत उभे आईबाप राहतात. खुल्या वर्गातल्या मुलींना महिलांच्या जागांसाठी हे नॉन-क्रीमिलेअर लागत असे. २०२३ मध्ये ती अट काढली. तरी अजून काही जणी तो दाखला काढायला हेलपाटे घालताना दिसतात.

तिसरे मुदतीचे, आणि इथे मी वडिलांशी थोडा भांडलो. बँकेत आम्ही मुदत देतो तेव्हा ती कशापासून मोजायची हे आधी लिहितो. रक्कम उचलल्या दिवसापासून, की पहिले पीक निघाल्यापासून? विहिरीच्या कर्जाला पाणी लागेपर्यंत हप्ता सुरू होत नाही. मग मुलीची दोन वर्षे तुम्ही निकालाच्या दिवसापासून कशी मोजता? तिला परीक्षा मोजून द्या, वर्षे नकोत. तिला ज्या पदांना बसायचे आहे त्यांच्या तीन परीक्षा प्रत्यक्ष होऊ द्या. आणि मधल्या काळात तिने कमवायचे, मग ते शिकवण्या घेऊन असो, पतसंस्थेत बसून असो. कमावत्या मुलीला घाईने उजवायचा आग्रह गाव जरा कमी धरते, हेही मी त्यांना सांगितले. मुलाच्या बापांना मी उलट सांगतो. तुम्ही वर्षे मोजा. पुण्यात खोली, खाणावळ, अभ्यासिका धरून महिन्याला नऊ-दहा हजार जातात. पाच वर्षांत ती रक्कम साडेपाच-सहा लाखांवर जाते, आणि मुलगा तिशीत येऊन 'आता एवढे घातले, अजून एक चान्स' म्हणतो. थकलेल्या कर्जावर नवे कर्ज देऊन जुने नियमित दाखवायची ही रीत बँकांनी करून पाहिली आहे. तिने काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

वडिलांनी दोन दिवस काही उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला जाताना फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "तीन परीक्षा म्हणजे, रद्द झालेली धरायची का नाही?" मी म्हटले, नाही धरायची. "बरं," म्हणाले आणि पुढे गेले.

ती आता सकाळी गावातल्या दहावीच्या मुलांना गणित शिकवते. धावणे तसेच चालू आहे. बँकेच्या लिपिक परीक्षेचा अर्ज भरायचा ठरले आहे. नॉन-क्रीमिलेअरसाठी बापलेक परवा श्रीरामपूरला जाऊन आले. वडिलांच्या उत्पन्नाचा कागद अपुरा होता, तो जोडून पुन्हा दिला आहे. दाखला पंधरा दिवसांत मिळेल असे सांगितले आहे. अर्जाची शेवटची तारीख त्यानंतर चार दिवसांनी आहे.